करकोच्याची उडती टॅक्सी

ओढ्याच्या काठी एका बिळात एक सशीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. एके सकाळी पिल्लू तापाने फणफणले. ओढ्यापलीकडच्या बांबूच्या बनात एक म्हातारे अस्वल झाडपाल्याचे औषध देई. सशीण तिकडे धावत सुटणार, तोच वरून करकोचा ओरडला, "ताई, आजच्या काळात पायी कसल्या जाता? माझी उडती टॅक्सी आहे ना! डोळ्याचं पातं लवायच्या आत पोहोचवतो."

आईचा जीव तो, मुलांनो! असे ऐकल्यावर ती नाही कशी म्हणेल? "मग चला लवकर!" ती म्हणाली. "इथून नाही हो उडता येत, झाडीत पंख अडकतात. टेकडीवर या," करकोचा म्हणाला. बिचारी धापा टाकत टेकडी चढली. तिथे वारा पडलेला, म्हणून टॅक्सी खोळंबली. एकदाचा वारा सुटला, करकोच्याने पायांत वेलींची टोपली धरली आणि सशिणीला घेऊन झेप घेतली. खरोखरच क्षणात खाली बांबूचे बन आले. पाला कुटत बसलेले अस्वलही दिसले.

"आलं, आलं! उतरवा मला!"

"इथे? बांबू टोचतील की! उतरायला मोकळी जागा लागते," म्हणत करकोचा वळला आणि थेट नदीच्या वाळवंटात उतरला. "बघा, किती झटपट! आता ही पायवाट धरा, सरळ अस्वलाकडे जाल."

सशीण पार गोंधळली. पोहोचलो म्हणावे, तर अस्वल कुठे दिसेना. नाही म्हणावे, तर करकोचा पोहोचलात म्हणतो! ती पायवाटेने पळू लागली. करवंदीची जाळी लागली, ती ओळखीची वाटली. वारूळ लागले, तेही. 'अस्वलाकडेसुद्धा आपल्यासारखंच वारूळ आहे वाटतं,' ती मनाशी म्हणाली. मग एक बीळ आले. आतून क्षीण आवाज आला, "आई, आणलंस औषध?"

वाट तिच्याच दारावरून जात होती! सशिणीला रडूच कोसळले. "आत्ता आणते हं, बाळा," म्हणत तिने ओढा ओलांडला आणि चार उड्यांत बन गाठले.

"मघाशी आभाळातून गेलीस ती तूच ना?" अस्वलाने विचारले. "मला वाटलं, परगावी निघालीस!"

औषधाने पिल्लाचा ताप उतरला, पण ते घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. तोवर ते एकटेच कण्हत पडले होते, हे आईच्या जिवाला फार लागले.

तात्पर्य : वाहन किती वेगाने उडते हे विचारण्याआधी, चढायचे कुठे आणि उतरायचे कुठे, हे विचारावे.