शेठ, रागावलात का?

एकदा एका केळ्यांच्या व्यापाऱ्याने केळी पिकवायच्या बंद खोलीत तापमान मोजणारे नवे यंत्र बसवून घेतले. ते एका वृद्ध तंत्रज्ञाच्या शिष्याने बनवले होते. त्याचे स्वतंत्र असे पहिलेच काम. रचना साधी होती. प्लॅटिनमच्या बारीक तारेचा विजेला होणारा रोध उष्णतेबरोबर वाढतो. त्या तारेतून थोडी वीज सोडायची, टोकांशी विजेच्या दाबात जो इवलासा फरक पडतो तो ॲम्प्लिफायरने मोठा करायचा, की पडद्यावर आकडा उमटतो. कार्यशाळेत हा तारेचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला, तेव्हा आकडा बिनचूक आला होता.

आठवड्याने शेठचा निरोप आला. गुरू आणि शिष्य लगबगीने गोदामात पोहोचले.

"या, दर्शन घ्या," शेठ म्हणाले. "आठवडा झाला, केळी अजून हिरवीगार. पिकायची, की वेफर्सवाल्याच्या गळ्यात मारायची?"

गुरुजींनी खिशातला काचेचा थर्मामीटर सेन्सरजवळ टांगला. यंत्र केळी पिकायला हवे तेवढे, अठरा अंश म्हणत होते, काच चौदा. यंत्रावर विसंबून खोली उगाच गार होत राहिली होती.

"संध्याकाळी नवा माल भरायचाय. तोवर हे जुळलं नाही, तर तुमची पेटी उकिरड्यावर."

चौदा अंशांतही शिष्याला घाम फुटला. "गुरुजी, तारेतली वीज अजून वाढवतो. सिग्नल ठणठणीत मिळाला की..."

"आत्ता किती सोडलीयेस?"

"नेहमीच्या दहापट. सिग्नल दुबळा नको म्हणून."

शेठकडे वळून गुरुजींनी मृदू स्वरात विचारले, "शेठ, रागावलात का?"

"नाही हो. काळजी वाटते, इतकंच."

"रागावलात का?" आवाज चढला.

"नाही म्हटलं ना!"

गुरुजींनी शेठचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले आणि कानाशी ओरडले, "शेठ! रागावलात का?"

"हो! रागावलो!" शेठ असे कडाडले की हमालांनी क्रेट खाली ठेवले. "म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं?"

गुरुजींनी हात जोडले. "क्षमा करा. याला दाखवायचं होतं." मग ते शिष्याला म्हणाले, "पहिलं उत्तर हळू होतं, पण खरं होतं. शेवटचं दणदणीत आलं, पण तो राग आपणच आत घातलेला. वीज सोडली की तारही तापते. बर्फाचं पाणी ती ऊब ओढून घेतं. इथल्या स्तब्ध हवेत ती तारेतच साचते. तुझी तार खोलीचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतेय. प्रश्न हळू विचार. उत्तर बारीक येईल. ते मोठं करायला ॲम्प्लिफायर आहे ना? कष्ट विचारण्यात नको, ऐकण्यात घाल."

शिष्याने तिथेच पोत्यावर बसून वीज दहाव्या हिश्श्यावर आणली आणि ॲम्प्लिफायरचे बळ दहापट वाढवले. आता आकडा थरथरू लागला. तो स्थिर करण्यात दुपार गेली. माल दारात येऊन थांबला, तेव्हा यंत्र आणि काच एकच आकडा सांगत होती.

ती केळी पिवळी झाली त्या सकाळी शिष्य गोदामात गेला. शेठ एक केळे सोलून खात उभे होते.

"कसं झालंय, शेठ?" त्याने हळूच विचारले.

शेठ नुसते चावत राहिले. प्रश्न पुन्हा शिष्याच्या ओठांवर आला. त्याने तो गिळला आणि थांबून राहिला.

"गोड आहे," शेठ सावकाश म्हणाले, आणि दुसरे सोलायला घेतले.