उतारावरचं पासिंग

“मग चाचा, आता माझं शिकायचं काय राहिलं?”

शेखर साळवीने हे विचारलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. नवीकोरी टोपी. गफूरचाचांच्या गॅरेजात दोन वर्षं ग्रीस माखून घेतलेला हा माणूस परीक्षा देऊन मोटार वाहन निरीक्षक झाला होता. त्या दिवशी तालुक्याला पासिंगचा कॅम्प उरकून माझ्याच गाडीत बसून तो गुरूला भेटायला घाटाखाली आला.

चाचा पाना पुसत राहिले.

आता त्या गॅरेजच्या जागी पेट्रोल पंप आहे. गाड्या तपासायला मशीन आलंय म्हणे, कागद आपोआप बाहेर येतो. येत असेल बुवा. मला मात्र तिथून जाताना अजून चाचांच्या विडीचा वास आल्यासारखा वाटतो आणि गलबलून येतं.

माझी गाडी शाळेची. घाटातल्या चार वाड्यांवरची सतरा पोरं सकाळी खाली आणायची, संध्याकाळी वर सोडायची. सोमवारी शाळा उघडणार होती आणि पासिंगशिवाय गाडी रस्त्यावर काढायची सोय नव्हती. म्हणून कॅम्पात मी पहिला नंबर लावला होता. शेखरसाहेबांनी हॉर्न वाजवून घेतला, दिवे पाहिले, वायपर पाहिला, विमा पाहिला आणि सही ठोकली. मी खूश.

इकडे शेखर घडाघडा नियम म्हणून दाखवू लागला. टायरची नक्षी किती खोल हवी, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबली पाहिजे, कुठल्या कलमाखाली गाडी जागेवर अडवता येते. एक शब्द चुकला नाही. खरं सांगतो, मला कौतुकच वाटलं.

चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्यापुढे हात करून चावी मागितली.

गॅरेजसमोरचा रस्ता चांगलाच उतरता होता. उताराच्या तळाशी रस्त्याखालून पाणी जायची मोरी होती. मोरीपाशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहा, असं त्यांनी शेखरला सांगितलं आणि स्वतः गाडी घेऊन वरच्या वळणापर्यंत गेले. ब्रेकचं काम आठवड्यापूर्वी त्यांनीच केलं होतं. शेखरला ते ठाऊक नव्हतं, पण मला होतं, तरी मी दारात उभा राहून मनातल्या मनात शिव्या घालत होतो. म्हाताऱ्याला नसता उद्योग.

गाडी उतारावरून आली. वेगात आली.

शेखर हात मागे बांधून ताठ उभा होता.

आणि मग तो बाजूला झाला. एकच पाऊल, पण झाला.

गाडी मोरीच्या दहा हात अलीकडे थांबली. चाचा सावकाश उतरले.

“थांबली की,” शेखर हसायला गेला. “चांगली आहे गाडी, चाचा.”

“चांगली आहे. मग तू सरलास का?”

शेखर पुन्हा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला.

“खाली वाकून बघितलं होतंस?”

शेखरने मान खाली घातली. कॅम्पात गर्दी होती म्हणाला, गाडी ओळखीची होती. ब्रेक चालवून पाहिले नव्हते, हेही शेवटी तोंडातून निघालं. मला त्याची कीव आली. चाचांचा तर रागच आला. गाडी पास, ब्रेक उत्तम, आणि माझ्यादेखत साहेबाचं असं करायचं म्हणजे काय.



“एक पाऊल तर सरलो, चाचा,” शेखर हळूच म्हणाला. “त्यात एवढं काय?”

चाचांनी गाडीचं मागचं दार उघडलं. आतल्या रिकाम्या बाकावरून हात फिरवला.

“इथं बसणाऱ्यांना सरता येत नाही, बेटा.”