चहात बुडवलेला दोरा

"पण का उसवायचं, सिस्टर?"

सिस्टर विनिफ्रेडनी बारीक कात्री मृदुलाच्या पुढे सरकवली.

इंग्लंडमधलं जुनं कॅथीड्रल. टेबलावर पाचशे वर्षांचा रेशमी झगा पसरलेला. येत्या रविवारी तो पांघरून बिशप मिरवणुकीत चालणार होते. कॅथीड्रलच्या समितीला झगा जुनाच हवा होता, फक्त नव्यासारखा! अहमदनगरहून आलेल्या मृदुला उजगरेने चौदा महिने खपून तो तसा करून दिला होता. तिला हे काम शिकवलं सिस्टरांनी. आयुष्यातली मधली वीस वर्षं पुण्याच्या मिशनमध्ये काढल्यामुळे त्या तिच्याशी मराठीतच बोलत.

"कुठे दुरुस्त केलाय ते कुणालाच कळत नाही," मृदुला म्हणाली.

"म्हणूनच उसव."

"हा कुठला न्याय? वाईट केलं असतं तर बोलला असतात. चांगलं केलं तरी बोलताय!"

"दोरा कशात बुडवलास?"

"चहात. नवा दिसू नये म्हणून."

"हं... आता तुझे टाके दाखव."

मृदुला हसली. भिंग घेऊन देवदूताच्या जरीच्या पंखावर वाकली.

एक पीस. दुसरं पीस... बोट पुढे गेलं, मागे आलं.

तिचे टाके तिलाच सापडेनात.

"दुरुस्तीआधीचे फोटो आहेत माझ्याकडे," ती पुटपुटली.

"फोटो हरवतात, पोरी. दुरुस्ती लांबून दिसू नये, जवळ गेल्यावर दिसलीच पाहिजे. झगा देणाऱ्याचं नाव पितळी पाटीवर आहे. पंखाचं भरतकाम करणाऱ्या बाईचं कुठेच नाही. तिचे टाके तेवढे उरले होते. त्यांत तू तुझे मिसळलेस."

"आणि समितीला काय सांगू? नोकरी जाईल माझी!"

"जाईलही."

मृदुलाने कात्री उचलली, पुन्हा ठेवली.

"तुम्हाला बोलायला काय जातं! स्वतःचं काम कधी उसवलंय तुम्ही?"

सिस्टरांनी पंखावरून बोट फिरवलं.

"बाविसाव्या वर्षी याच पंखाच्या दुरुस्तीला बसले होते मी. मी कॉफी वापरली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग? उसवलेत ते टाके?"

सिस्टरांनी तिच्या हातातलं भिंग घेतलं आणि पंखावर वाकल्या.

"शोधतेय."