गोजराबाईचे विरजण

निवांत महाराज एका चातुर्मासात खैरवाडीच्या देवळात मुक्कामाला होते. तेव्हाची ही गोष्ट ऐकली तशी सांगतो. काही उणे राहिले तर दोष माझा.

गावात गोजराबाई नावाची एक विधवा होती. एक म्हैस, एवढीच तिची मिळकत. तरी सकाळी विरजणासाठी वाटी घेऊन जो दारी येई, त्याला ती कधी नाही म्हणत नसे. गावातला श्रीमंत धोंडशेट तिची थट्टा करी, "गोजरे, पळी पळी वाटून कुणी माडी बांधलीय का? आमच्या घरी कुणापुढं वाटी धरायची वेळ येत नाही!"

श्रावणात म्हैस मेली. गोजराबाई गाठोडे बांधून महाराजांच्या पाया पडायला आली. "येते महाराज. परगावी दळणकांडण करून पोट भरीन."

महाराज म्हणाले, "जा हो माय. पण आधी आपलं विरजण मागून आण."

"दिलेलं विरजण कुणी परत मागतं का? लोक हसतील."

"हसू देत. हे गाडगं घे."

पहिल्याच दारात तिची मान खाली गेली. पण त्या घरच्या सरूकाकी हसल्या नाहीत. "अगं, आमच्या घरातलं दही तुझंच की! दहा वर्षं त्याचंच विरजण पुढच्या दुधाला लागतंय," म्हणत त्यांनी वाटी ओतली. मग चाळीस घरांनी चाळीस वाट्या ओतल्या. आणि काय नवल! वीतभर गाडगे, पण उतू गेले नाही. बायका तिच्यामागोमाग देवळात आल्या.

"नजरबंदी आहे ही!" गर्दीतून धोंडशेट पुढे झाला. "पायरीवर ओततो, म्हणजे कळेल." त्याने गाडगे उचलायला हात घातला. ते हलेना. गुडघे टेकून जोर लावला, घाम फुटला, तरी हलेना. अखेर तोंडातून निघालेच, "अगं बायांनो, जरा हात लावा कुणीतरी!"

बायकांनी हात लावला आणि गाडगे फुलासारखे उचलले गेले. पळीभर दही विरजणाला ठेवून बाकीचे घुसळले, तेव्हा परातभर लोणी निघाले.

सरूकाकी म्हणाल्या, "गोजरे, जायचं नाव काढू नकोस. उद्यापासून सगळ्यांचं दही तूच घुसळ. दर घरामागे मूठभर लोणी तुझं, अन् ताकही."

गोजराबाईने गाठोडे सोडले.

धोंडशेट महाराजांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडे काय आहे? तिच्याकडे माग."

धोंडशेटने पागोटे उतरवून गोजराबाईपुढे डोके टेकवले. "बाई, चुकलो. थोडं विरजण देतेस?"

"देते की. वाटी आणलीत का?"

वाटी नव्हती. त्याने ओंजळ पुढे केली.