पावल्या मास्तरांचा भोपळा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. गोष्ट मोजणाऱ्या माणसाची आहे खरी, पण वर्षं मात्र कुणी मोजलेली नाहीत.

बालाघाटच्या माथ्यावर कुरणवाडी नावाचं गाव आहे. तिथं एकदा जमिनीची मोजणी करणारी टोळी आली. टोळीत लोखंडी साखळी ओढणारा एक गडी होता, खंडेराव त्याचं नाव. त्याला तापानं गाठलं, टोळी पुढं निघून गेली आणि खंडेराव मागं राहिला. गावानं त्याला पेज पाजून उभं केलं. उभा राहिला तो पोरांना शिकवायलाच. हातातली साखळी गेली होती, पण पायांतली मोजणी गेली नव्हती. असं म्हणतात, की त्याचं एक पाऊल दुसऱ्याहून तसूभरही कमीजास्त पडत नसे. म्हणून गाव त्याला पावल्या मास्तर म्हणू लागलं. टोळीच्या साहेबाजवळ दुर्बीण होती. जमिनीबरोबर आभाळाची मापंही मास्तर त्याच्याकडून शिकून आले होते.

त्याच गावात गोजरा नावाची आठ वर्षांची पोर होती. ती जन्मली त्या महिन्यात तिचा बाप वीज पडून गेला. ती चालायला लागली तेव्हा गावविहीर आटली. आणि आता धोंडजी पाटलांची खिल्लारी बैलजोडी घटसर्पानं मेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण फांदीला जाब विचारता येत नाही, म्हणून लोक कावळ्याला धरतात. पोरीवर शनीची नजर आहे, असं गावानं ठरवून टाकलं. येत्या शनी अमावास्येला तिनं आणि तिच्या आईनं, ठकूबाईनं, गाव सोडायचं. पाटील दुष्ट नव्हते हो, भ्यालेले होते. पण भ्यालेल्या माणसाच्या हातून दुष्टाचीच कामं होतात.

मास्तर पाटलांकडे गेले. म्हणाले, "पाटील, पोरीला घालवायची तर घालवा. पर शनी किती लांब हाय ते एकदा मोजून बघू. मोजल्याबिगर तुमी शेजाऱ्याला बांधावरची एक वीतसुदीक सोडत न्हाई, मग लेकरू कसं सोडता?"

पाटलांना ते पटलं. बांधाच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

अमावास्येच्या सकाळी सगळं गाव तळ्याच्या बांधावर जमलं. मास्तरांनी ठकूबाईच्या छपरावरचा घागरीएवढा भोपळा आणवला आणि बांधाच्या टोकाला ठेवला.

"ह्यो सूर्य. आता ह्याच मापानं समदं. मग पृथ्वी केवढी?"

कुणी म्हणालं नारळाएवढी, कुणी म्हणालं बोराएवढी. मास्तर भोपळ्यापासून चाळीस पावलं चालले, पिंपळाचं एक पान जमिनीवर ठेवलं आणि त्यावर मोहरीचा एक दाणा ठेवला. मोहरीपासून चार बोटांवर खसखशीचा दाणा ठेवला, तो चंद्र.

"आपला डोंगर, गोदावरी, समुद्र, काशी, समदं ह्या मोहरीत."

पाटलांनी खाली वाकून बघितलं. "ह्यात माझं शेत कुठशी?" असं त्यांनी खरंच विचारलं, असं म्हणतात.

पुढं, भोपळ्यापासून दोनशे आठ पावलांवर, एक पोरगा हातात आवळा धरून उभा राहिला. तो गुरू झाला. मग मास्तरांनी सुपारी काढली. "ह्यो शनी. कोण धरतंय?"

एकही पोर पुढं येईना. आयांनी आपापली लेकरं मागं ओढली. तेव्हा सगळ्यांपासून लांब उभी असलेली गोजरा म्हणाली, "मी धरते. न्हाईतरी त्यो माझ्याच मागं हाय म्हणत्यात."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मोजणी चुकली नाही. भोपळ्यापासून तीनशे ऐंशी पावलांवर त्यांनी तिला उभं केलं आणि पाटलांना आणायला ते मोहरीपाशी परत आले.

एवढ्यात पाटलांचीच एक तुऱ्याची कोंबडी बांधावर आली, पिंपळपानापाशी थांबली आणि टोच मारून पृथ्वी गिळून निघून गेली. मागून फिरून आली आणि चंद्रही खाल्ला. पोरं हसून हसून लोळली. मास्तर मात्र शांत होते. "चला पाटील, शनीकडं जाऊ," एवढंच म्हणाले.

सगळं गाव मोठ्यानं पावलं मोजत निघालं. शंभर झाली, दोनशे झाली. तीनशेला पाटलांना धाप लागली. बांधाच्या त्या टोकाला गोजरा सुपारी घट्ट मुठीत धरून उभी होती.

"गोजरे," मास्तरांनी विचारलं, "आत्ता पृथ्वीचं काय झालं, सांग."

तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "मला कुठं दिसतीया? मघाधरनं बघतेय. भोपळाच ठिपक्यावानी दिसतोय."

"कोंबडीनं खाल्ली."

"समदी?"

"समदी."

मास्तर पाटलांकडे वळले. "अख्खी पृथ्वी गेली, शनीला पत्ता न्हाई. त्या मोहरीत एक गाव, गावात एक खोपट, खोपटात ही पोर. त्यो हिला कुठनं हुडकणार?"

पाटील खाली बसले आणि त्यांनी गोजराची मूठ आपल्या हातानं उघडली. आईशिवाय दुसऱ्या कुणी त्या हाताला कितीतरी दिवसांत शिवलं नव्हतं.

"शनीला दिसत न्हाई खरं," ते म्हणाले. "मला तर रोज दिसत हुती. तरी म्या बघितली न्हाई."

त्या दिवशी ठकूबाईनं बांधलेलं गाठोडं पाटलीणबाईंनी सोडलं. भोपळा चिरून पाटलांच्या चुलीवर घारगे तळले आणि पहिला घारगा गोजरानं खाल्ला.

पुढं एकदा पाटलांनी विचारलं, "मास्तर, मग त्या चांदण्या कुठवर?" मास्तर म्हणाले, "त्या तर दुसरे सूर्यच. सगळ्यात जवळचा दुसरा भोपळा ठेवायचा तर वरीसभर चालावं लागंल." म्हातारपणी एक दिवस खांद्यावर भोपळा घेऊन ते उत्तरेकडं चालू लागले आणि परत आले नाहीत. ते जिथं जिथं मुक्कामाला थांबले तिथं भोपळ्याचा वेल उगवला, असं म्हणतात. बांधावर त्यांची पावलं पडली त्या जागी अजून गवत येत नाही, असंही म्हणतात. मी स्वतः जाऊन मोजली. मला तीनशे बहात्तरच सापडली, पण माझी मोजणी ती काय!

अजूनही दर शनी अमावास्येला कुरणवाडीची कोंबडी न् कोंबडी डालग्याखाली झाकतात आणि गाव बांधावर जमतं. ज्या घरावर वाईट वेळ आलेली असेल, त्या घरचं लेकरू सुपारी घेऊन टोकाला उभं राहतं. इकडून सगळे ओरडतात, "पृथ्वी दिसते का?" तिकडून बारीक आवाज येतो, "न्हाई दिसत!"

मग सगळं गाव एकदम म्हणतं, "आमाला तू दिसतंयस, आलोच!" आणि पावलं मोजत त्या लेकराला आणायला निघतं.