डुंबऱ्याची शेपटी

फार वर्षांपूर्वी एका तळ्यात डुंबऱ्या नावाचं बेडकाचं पिल्लू होतं. पोहण्याच्या शर्यतीत त्याला कुणी हरवू शकत नसे. मोठा झाल्यावर मात्र तो काठावर राहायला गेला, किडे पकडण्यात रमला आणि पाण्याकडे फिरकलाच नाही.

पुष्कळ दिवसांनी त्याने पुन्हा शर्यतीत नाव दिलं. सरावाला उतरून तो पूर्वीसारखी कंबर डावी-उजवीकडे झटकू लागला, पण जागचा हलेना. म्हणून त्याने आणखी जोरात झटकली. आठ दिवस हेच चाललं.

शेवटी म्हाताऱ्या खापरीमावशी कासविणीला राहवेना. "अरे, हे काय चाललंय तुझं?"

"शेपटी मारतोय, मावशी. लहानपणी हिच्याच जोरावर जिंकायचो."

"कुठली शेपटी?"

डुंबऱ्याने मागे वळून पाहिलं आणि तो थिजला. मागे काहीच नव्हतं. त्याने स्वतःभोवती गिरकी घेतली, तरी काही दिसेना.

"कधी गेली? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊक असेल," मावशी म्हणाली. "आता मागचे पाय पोटाशी घे आणि जोरात मागे झटक."

त्याने डोळे मिटून पाय झटकले. डोळे उघडले तेव्हा तो तळ्याच्या मध्यावर होता.

शर्यतीच्या दिवशी शेजारचं पिल्लू त्याला म्हणालं, "काका, पाय कसले मारताय? शेपटी हलवा की."

डुंबऱ्याने त्याला सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि त्या इवल्याशा शेपटीकडे बघून परत मिटून घेतलं.