झाडाला बांधलेले तोरण

एकदा एका नदीकाठच्या गावाने ठरवले की आजारपणाचा भार एकट्याने सोसायचा नाही. सुगीनंतर प्रत्येक घराने सामायिक कोठीत आपापल्या ऐपतीप्रमाणे धान्य घालावे आणि त्यातून सगळ्यांचे औषधपाणी व्हावे. त्या कोठीची व्यवस्था एका वृद्ध गुरूंकडे होती, आणि त्यांचा एक बुद्धिमान शिष्य होता.

शिष्याच्या मनात आले की नुसत्या काढ्याच्या वाट्या मोजून मोबदला दिला तर काढेच वाढतील, आरोग्य वाढणार नाही. म्हणून त्याने दोन नवे नियम केले. पहिला नियम गावच्या वैद्यासाठी. पौर्णिमेला ज्या घरात कोणी आजारी नसेल त्या दारावर तोरण बांधायचे, आणि जितकी तोरणे तितके धान्य वैद्याला. दुसरा नियम नदीपलीकडच्या, रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या आरोग्यशाळेसाठी. जो रुग्ण बरा होऊन जाईल आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत परत येणार नाही, त्याच्यामागे शाळेला धान्य. परत आला तर काही नाही.

दोन्ही नियम चांगलेच होते. वैद्य घरोघर जाऊन पाणी उकळून प्यायला सांगू लागला. शाळेतही रुग्णाला नीट बरे केल्याशिवाय सोडत नसत. पौर्णिमा आली. शिष्य गावात फिरून आला आणि आनंदाने म्हणाला, "गुरुजी, एकही दार तोरणावाचून नाही! शाळेतूनही कोणी परत आलेले नाही."

गुरूंनी विचारले, "कोणीच आजारी नाही?"

"कोणीच नाही."

"मग नदीच्या वाटेवर कोण खोकतंय?"

दोघे तिकडे गेले. वाटेवरच्या करंजाच्या झाडाखाली द्वारका नावाची एक तरुण बाई बसली होती. मांडीवर तिची चार वर्षांची ठकी. पोरीची छाती भात्यासारखी हलत होती, ओठ निळसर पडले होते.

"घरी का नाही गेलीस, बाई?" गुरूंनी विचारले.

"वैद्यबुवा म्हणाले, हिला शाळेत ने, आणि तोरणाची मोजणी होईतो घरी येऊ नकोस. शाळेत गेले तर ते म्हणाले, ही छाती पुन्हा पुन्हा भरणारी, आज बरी केली तरी पंधरा दिवसांत परत येशील. वैद्याकडेच ने. मी आपली इथनं तिथं, तिथनं इथं. आता पायच उचलत नाहीत हो."

गुरू द्वारकेच्या बंद घरी गेले, दारावरचे तोरण सोडवून घेऊन आले आणि करंजाच्या फांदीला बांधले. मग निरोप धाडला, "आज धान्य कोठीवर नाही, इथे मोजलं जाईल."

गाव जमले. वैद्य आला, शाळेचे प्रमुखही नावेने नदी ओलांडून आले.

"गुरुजी, झाडाला तोरण? लगीन कुणाचं?" एकाने विचारले. लोक हसले.

गुरू म्हणाले, "हेही एक घरच आहे. हे कोणाच्या वाट्याचं, तेवढं सांगा."

वैद्य चाचरत म्हणाला, "मी तिला शाळेत पाठवलं. माझ्या गणतीत ती नाही."

"आम्ही तिला आत घेतलीच नाही," प्रमुख म्हणाले. "मग आमच्या गणतीत कशी येईल?"

"आणि माझ्या पोरीचा श्वास कुणाच्या गणतीत?" द्वारका म्हणाली. मग कोणी हसले नाही.

शिष्य कळवळून म्हणाला, "गुरुजी, यातला कोणता नियम चुकला?"

गुरू म्हणाले, "एकही नाही. तू प्रत्येक नियम एकेकटा तपासलास. दोन्ही एकाच पोरीवर एकदम लागू झाले तर काय होईल, ते पाहिलं नाहीस. एकाला तिला बाहेर पाठवण्यात लाभ, दुसऱ्याला तिला आत न घेण्यात. कोणी नियम मोडला नाही, तरी पोर रस्त्यावर आली. ज्याचं दुखणं जुनाट, त्याच्यासाठी दोघांच्या धान्याची रास एकच ठेव. ही पोर घरी असो की शाळेत, तिला श्वास नीट घेता आला का, हे तिच्या आईला विचार. मगच राशीला हात लाव."

"पण मग कोणाचा वाटा किती, यावर हे दोघे भांडतील."

"भांडू देत. पण या झाडाखाली, तिच्यासमोर भांडू देत."

तोवर प्रमुखांनी ठकीला उचलून घेतले होते. ते नावेकडे चालू लागले. मागोमाग वैद्य निघाला. "अहो, हिला धूर सोसत नाही, चुलीजवळ ठेवू नका," असे तो सांगत होता, आणि प्रमुख मागे वळून विचारत होते, "आणखी काय सोसत नाही?" द्वारका दोघांच्या मधून चालली होती.

पुढच्या पौर्णिमेला शिष्य तोरणे मोजायला निघाला, तो आधी करंजाकडे गेला. झाडाखाली कोणी नव्हते. मग तो द्वारकेच्या दारी गेला. ठकी अंगणात खेळत होती. तरीही तो थांबला आणि त्याने विचारले, "ताई, रात्री झोप लागते ना हिला?"

सगळ्यांच्या आरोग्यविम्यासाठी चांगल्या कामाला चांगला मोबदला देण्याच्या रीती आखणाऱ्यांनी, दोन रीतींच्या मधल्या वाटेवर कोणी बसले आहे का, हे आधी जाऊन पाहावे.